दुरुस्तीची गाडी आणि चार ओळींचा कागद



आज आम्ही गॅरेजविषयी बोलणार आहोत. विषय लहान दिसतो, पण तो पोटाशी जोडलेला आहे. मुंबई शहरात, वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला, रिक्षा चालत नाही. ती चालते आपल्या उपनगरांत. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कोणत्याही स्टेशनाबाहेर पाहा. रिक्षांची रांग लागलेली असते. त्या प्रत्येक रिक्षामागे एक घर आहे. रिक्षा एक दिवस उभी राहिली की त्या घरातला पैसा त्या दिवशी थांबतो.

समजा, जोगेश्वरीचे एक रिक्षावाले आहेत. आपण त्यांना नुसते 'दादा' म्हणू. दादांनी सकाळी गॅरेजात ऑइल बदलून घेतलं. मिस्त्रीच्या हाताखालच्या पोराने इंजिनच्या तळाचा बोल्ट नीट आवळला नाही. दुपारपर्यंत थेंबथेंब करून ऑइल गळून गेलं. इंजिनच्या आत लोखंडावर लोखंड सरकत असतं. मध्ये ऑइलचा पातळ थर असतो म्हणून ते झिजत नाही, जास्त तापत नाही. थर गेला की इंजिन तापतं आणि जॅम होतं. दादांचं तसंच झालं. भर रस्त्यात रिक्षा बंद पडली.

दादा गॅरेजात गेले. गॅरेजवाला म्हणाला, "अहो दादा, तुमची गाडीच जुनी. आम्ही काय करणार?" दादा म्हणाले, "बोल्ट ढिला होता." तो म्हणाला, "कशावरून?" इथे दादा गप्प झाले. त्यांच्याजवळ बिल नव्हतं, फोटो नव्हता, कागदाचा एक कपटाही नव्हता.

मंडळी, दादांची बाजू खरी होती. पण खरं असणं वेगळं आणि खरं दाखवता येणं वेगळं. आजच्या बोलण्यातून एवढी एकच गोष्ट घरी न्या.

कायदा काय सांगतो?

1872 चा करार कायदा आहे. त्यात एक साधी गोष्ट सांगितली आहे. दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेतली, तर शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तिची घेतली पाहिजे. आपण गाडी आणि चावी गॅरेजवाल्याच्या हवाली करतो, तेव्हा ही जबाबदारी त्याच्यावर येते.

दुसरा ग्राहक संरक्षण कायदा. पहिला 1986 साली झाला. त्याच्या जागी 2019 चा नवा कायदा आला आणि तो जुलै 2020 मध्ये लागू झाला. पैसे घेऊन काम केलं आणि त्यात कसूर ठेवली, तर ग्राहकाला नुकसानभरपाई मागता येते.

आता कोणी विचारील, "रिक्षा तर धंद्याची. मग आम्ही ग्राहक कसे?" प्रश्न बरोबर आहे. धंद्यासाठी वस्तू घेणारा ग्राहक धरला जात नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी जो वस्तू घेतो, त्याला कायद्याने वगळलेलं नाही. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या कारखान्याच्या खटल्यात याचा खुलासा केला. तिथे भांडण एका यंत्राचं होतं, पण न्यायालयाने उदाहरण दिलं ते रिक्षाचंच. पोटासाठी रिक्षा घेऊन स्वतः चालवणारा माणूस ग्राहक आहे. फक्त दुसऱ्यानेच चालवावी म्हणून घेणारा ग्राहक नाही. म्हणून तक्रार लिहिताना पहिल्याच ओळींत लिहा, "ही रिक्षा मी स्वतः चालवतो. हेच माझ्या उपजीविकेचं साधन आहे."

कागद कधी करायचा?

कागद भांडण झाल्यावर होत नाही. तो गाडी देतानाच करायचा. मोठ्या सर्व्हिस सेंटरात जॉब कार्ड मिळतं. त्यावर आपण सांगितलेलं प्रत्येक काम आणि किलोमीटरचा आकडा आहे की नाही, ते वाचा आणि मगच सही करा. लहान गॅरेजात जॉब कार्ड नसेल तर वहीत चार ओळी लिहा. गाडी कधी दिली, कोणतं काम सांगितलं, किती पैसे ठरले, मीटरवर किती आकडा होता. खाली मिस्त्रीची सही मागा. "पहिले लिहिणे, मग देणे," ही म्हण आपल्या आजोबांना ठाऊक होती. गाडी देतानाही तीच लागू आहे.

काम झालं की बिल घ्या. रोख न देता मोबाईलवरून पैसे दिले तर त्याचीही नोंद राहते. बदललेले जुने पार्ट मागून घ्या.

काही गॅरेजांत पाटी असते, "गाडी मालकाच्या जबाबदारीवर." पाटी पाहून घाबरू नका. निव्वळ पाटी लावल्याने निष्काळजीपणा माफ होत नाही.

गाडी बिघडली तर काय करायचं?

पहिली गोष्ट, पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. नुकसान वाढतं आणि तो दोष आपल्यावर येतो. गाडी आहे तिथेच तिचे फोटो काढा. ढिला बोल्ट, रस्त्यावरचं ऑइल, मीटरचा आकडा, सगळं फोटोत येऊ द्या. नंतर इंजिन लगेच खोलू नका. खोललं की पुरावा गेला. आधी गॅरेजवाल्याला येऊन पाहण्यास सांगा. तो आला नाही तर दुसऱ्या जाणत्या मिस्त्रीला दाखवा आणि बिघाडाचं कारण त्याच्याकडून लिहून, सही करून घ्या.

मग पत्र लिहा. पत्र लांबलचक नको, त्यात शिव्याशाप तर नकोतच. ते असं असावं:

"महाशय, माझ्या रिक्षाचे ऑइल आपल्या गॅरेजात अमुक तारखेला बदलले. बिल सोबत जोडले आहे. त्याच दिवशी तळाचा बोल्ट ढिला राहून ऑइल गळाले आणि इंजिन जॅम झाले. दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अभिप्राय व फोटो सोबत आहेत. माझे नुकसान पुढीलप्रमाणे झाले. इंजिनचे काम 14,000 रुपये. गाडी ओढून नेण्याचा खर्च 600 रुपये. आठ दिवसांची बुडालेली कमाई, दररोज 800 प्रमाणे, 6,400 रुपये. एकूण 21,000 रुपये. ही रक्कम 15 दिवसांत द्यावी. न दिल्यास मला ग्राहक आयोगाकडे जावे लागेल."

हे आकडे नमुन्यासाठी आहेत. तुम्ही तुमचे खरे आकडे घाला. मागितलेल्या प्रत्येक रुपयामागे बिल किंवा रोजच्या कमाईची वही दाखवता आली पाहिजे. फुगवलेला आकडा खऱ्या आकड्यालाही बुडवतो. पत्राची प्रत स्वतःजवळ ठेवा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

पत्र कोणाला लिहायचं, हेही नीट पाहा. गोव्यात एका विक्रेत्याने 2009 साली बनलेली, 622 किलोमीटर धावलेली मोटार 2011 साली एका ग्राहकाला नवी म्हणून दिली. ग्राहकाने विक्रेता आणि मोटार बनवणारी कंपनी या दोघांवर तक्रार केली. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं, कारण तिचा दोष शाबीत झाला नव्हता. विक्रेत्याची जबाबदारी मात्र राहिली. तेव्हा ज्याने काम केलं, ज्याच्या नावाचं बिल आहे, त्याचं नाव आधी लिहा.

पत्राला उत्तर आलं नाही तर?

1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे तक्रार नोंदवा. पुष्कळदा गोष्ट तिथेच मिटते. नाही मिटली तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आपण सगळे मुंबई उपनगर जिल्ह्यात येतो. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गॅरेज ठाण्याला असलं तरी हेलपाटे तिकडे घालायला नकोत. कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील केलाच पाहिजे असंही नाही. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरूनही तक्रार पाठवता येते. मात्र दोन वर्षांच्या आत करा. आयोगाचा आदेश जो पाळणार नाही, त्याला तुरुंग किंवा दंड होऊ शकतो.

निकालाला वेळ लागतो, हे आम्ही लपवून ठेवत नाही. कायद्यात तीन महिन्यांचा काळ सांगितला आहे, पण प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून समोरासमोर बसून मिटत असेल तर मिटवा. फुकट दुरुस्ती किंवा निम्मा खर्च ठरला तर तेही लिहून घ्या आणि दोघांनी सह्या करा.

शेवटी एक सांगतो. गॅरेजवालाही कष्टाचाच माणूस आहे. प्रत्येक बिघाड त्याचा दोष नसतो. जुनं इंजिन आपल्या मरणानेही मरतं. म्हणून आधी कारण शोधावं, मग बोट दाखवावं. जो मिस्त्री चोख काम करतो, त्याला चार ओळींच्या कागदाचं भय नसतं. उलट तो कागद उद्या त्याच्याही कामी येतो.

आता वही काढा. आपल्या गाडीचा नंबर लिहा. गाडी नसेल तर घरातल्या पंख्याचं, शिलाई मशीनचं किंवा मिक्सरचं नाव लिहा. त्याखाली लिहा: कोणाला दिलं, कधी दिलं, काय काम सांगितलं, किती पैसे ठरले. पुढच्या वर्गात या चार ओळी आपण एकमेकांना वाचून दाखवू.