पुरवणीची वाट कोणाच्या हाती?

(गोंडपिपरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाची संहिता)



वनहक्क, तेंदूपत्ता आणि ग्रामसभा यांवर दोन दिवस बोलून झाल्यानंतर 'टेक्स्ट एडिटरमध्ये पुरवण्या कशा बसवाव्यात' हा विषय फळ्यावर लिहिला गेला, तेव्हा आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर उमटलेले हसू माझ्या नजरेतून सुटलेले नाही. वर्धा आणि वैनगंगा यांच्या मधल्या या मुलखात, जेथे नेटवर्क सकाळी असते आणि दुपारी नसते, तेथे हा शहरी चोचला कशासाठी, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. तरीही मी हा विषय आग्रहाने मागून घेतला, आणि त्यामागे माझा एक अनुभव आहे.

आमच्या चळवळीची पत्रके आणि बैठकांची इतिवृत्ते आम्ही अनेक वर्षे एका विकतच्या अक्षरजुळणीच्या प्रणालीत टंकित करीत होतो. ती चालावी म्हणून संगणकाच्या पाठीमागे एक बोटभर कुलूप खोचून ठेवावे लागे. एके दिवशी ते कुलूप निकामी झाले. जुन्या फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्या, तर 'ग्रामसभा' या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी! अक्षरांचा संकेतच त्या कंपनीचा खाजगी होता. मजकूर आमचा, श्रम आमचे, आणि वाचण्याची किल्ली मात्र परक्याच्या खिशात. त्या दिवसापासून आम्ही युनिकोड आणि साधा टेक्स्ट एडिटर यांच्याकडे वळलो.

टेक्स्ट एडिटर म्हणजे अक्षरे जशीच्या तशी साठवणारे साधन. त्याच्या फाइलीत टाइपाचा नखरा नसतो, रंग नसतात. म्हणूनच ती कोणत्याही संगणकावर उघडते आणि वीस वर्षांनीही उघडेल. मूळ साधन सडपातळ ठेवायचे आणि ज्याला जे हवे ते त्याने वरून जोडायचे, अशी त्याची रीत आहे. कोणाला शुद्धलेखन तपासायचे असते, कोणाला दाव्याच्या दोन मसुद्यांतील फरक पाहायचा असतो. अशा जोडाला प्लगइन, पॅकेज किंवा एक्स्टेन्शन म्हणतात. मी त्याला पुरवणी म्हणतो. परीक्षेत मूळ उत्तरपत्रिकेला आपण दोऱ्याने बांधीत असू, तशी.

या पुरवण्यांचा इतिहास समाजवाद्यांनी मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत 'टेको' नावाचा एक जुना एडिटर होता. तेथील मंडळींनी आपापल्या सोयीसाठी त्याला जोड लिहिले होते. १९७६ साली रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी ते एकत्र करून 'ईमॅक्स' सिद्ध केला. म्हणजे येथे पुरवण्या आधी आल्या आणि ग्रंथ त्यांतून जन्मला. स्टॉलमन यांनी ईमॅक्स वाटताना अट घातली की, ज्याने सुधारणा केली त्याने ती परत पाठवावी, म्हणजे ती सर्वांना मिळेल. या व्यवस्थेला त्यांनी 'कम्यून' हाच शब्द वापरला होता. पुढे १९८५ साली आलेल्या जीएनयू ईमॅक्समध्ये परत पाठवण्याची सक्ती उरली नाही. सुधारणा कोणीही करावी आणि कोणालाही द्यावी. मात्र घेणाऱ्यालाही तेच स्वातंत्र्य मिळाले पाहिजे, एवढेच बंधन राहिले. सारे काही एका केंद्राकडे जमा करणारी सामूहिकता आणि प्रत्येकाच्या हाती अधिकार ठेवणारी सामूहिकता यांतील भेद आपल्या चळवळीला नवा नाही.

आता आजच्या स्थितीकडे येतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' हा एडिटर काढला आणि त्याच वर्षी त्याची मूळ संहिता खुली केली. ती कोणीही घ्यावी, बदलावी, नव्या नावाने वाटावी. हे औदार्य खोटे नाही. परंतु त्याच्या पुरवण्या ज्या बाजारातून येतात तो बाजार कंपनीचा आहे, आणि त्याच्या अटी सांगतात की तेथील पुरवण्या कंपनीच्याच उत्पादनांत वापराव्यात. त्याच संहितेतून लोकांनी बांधलेल्या 'व्हीएसकोडियम' या एडिटरला त्या बाजाराचे दार बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये तर कंपनीची सी आणि सी प्लस प्लस या भाषांसाठीची पुरवणी, त्याच संहितेवर उभ्या असलेल्या इतर एडिटरांत चालेनाशी झाली.

गडचिरोली-चंद्रपूरच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २००६ च्या कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरलेले होते. कागदावर सारे गावाचे झाले. पण बांबू तोडून गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवान्यांचे पुस्तक वनखात्याच्या कपाटात! गावाने हट्ट सोडला नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कुठे हक्काला अर्थ प्राप्त झाला. जंगल तुमचे आणि वाट खात्याची, ही मालकी अर्धी असते. एडिटर खुला आणि पुरवण्यांची वाट कंपनीची, हीही तशीच अर्धी मालकी होय.

वाट दुसऱ्याच्या हाती असली म्हणजे ती एक दिवस बंदही होते. 'गिटहब'ने काढलेला 'ॲटम' हा एडिटर अनेकांच्या आवडीचा होता. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतले आणि १५ डिसेंबर २०२२ रोजी ॲटमचे काम संपवण्यात आले. परंतु संहिता खुली असल्यामुळे वापरणारे हात बांधून बसले नाहीत. त्यांनी 'पल्सार' या नावाने तो पुढे चालवला आणि जुन्या पुरवण्यांसाठी स्वतःचे भांडार उभे केले. व्हीएसकोडियमसारख्या एडिटरांसाठीही 'ओपन व्हीएसएक्स' हे खुले भांडार एक्लिप्स फाउंडेशन चालवते.

सामाईक भांडार झाले म्हणजे चोर आलाच नाही, असे मात्र समजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपन व्हीएसएक्समधील काही पुरवण्यांत 'ग्लासवर्म' नावाची घातक आज्ञावली सापडली. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या युनिकोड चिन्हांत दडवलेली होती. वाचणाऱ्याला तेथे कोरी जागाच दिसे. कंपनीच्या बाजारातही तिचा शिरकाव झाला होता. पुरवणी सहसा आपल्याच अधिकाराने चालते. आपण जी फाइल वाचू शकतो ती तीही वाचू शकते, पुसूही शकते. ज्या संगणकावर गावाच्या दाव्यांचे पुरावे आहेत, त्यावर अनोळखी पुरवणी बसवणे म्हणजे ग्रामकोषाची चावी वाटसरूला देणे आहे.

मग करावे काय? व्यवहाराच्या तीन गोष्टी सांगतो. पहिली, गरज नसलेली पुरवणी बसवू नये, आणि जी बसवली ती कोणी लिहिली, कोठून आणली, केव्हा आणली हे वहीत नोंदवावे. दुसरी, पुरवणीची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. 'व्हिम' हा एडिटर येथे उपयोगी पडेल. ब्राम मूलेनार यांनी तो १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केला. ज्यांना तो आवडेल त्यांनी युगांडातील मुलांना मदत करावी, एवढेच त्यांचे मागणे होते. ते २०२३ साली गेले, पण स्वयंसेवक काम चालवीत आहेत. २०१६ च्या आठव्या आवृत्तीपासून त्यात 'पॅक' नावाचा फोल्डर असतो. त्यात आपण कोणत्याही नावाचा फोल्डर करावा, त्याच्या आत 'स्टार्ट' नावाचा, आणि त्यात पुरवणी ठेवावी. एडिटर पुन्हा उघडला की ती चालू होते. बाजार नको, नेटवर्क नको. एका गावातून दुसऱ्या गावात पेन ड्राइव्हवर नेली तरी चालते. तिसरी गोष्ट म्हणजे, नवी आवृत्ती आली की लगेच धावू नये. आधी एका संगणकावर चालवून पाहावी, मग सर्वांनी घ्यावी.

आणि आता मुख्य मुद्दा. आपण पुरवण्या केवळ घेणारेच राहणार काय? शुद्धलेखन तपासणीचे उदाहरण पाहा. 'हनस्पेल' ही प्रणाली लास्लो नेमेथ यांनी मुळात हंगेरियन भाषेसाठी लिहिली, कारण त्या भाषेत एकेका शब्दाला प्रत्ययांची रांग लागते; आपल्या 'जंगल, जंगलात, जंगलातील, जंगलातून' या रूपांसारखीच. तिच्या कोशात दोनच साध्या फाइली असतात. एकीत शब्दांची यादी, दुसरीत प्रत्ययांचे नियम. मराठीचा असा कोश स्वयंसेवकांच्या श्रमांतून तयार झाला आहे. तो लिबरऑफिस आणि फायरफॉक्समध्ये बसतो, आणि हनस्पेल ईमॅक्सलाही जोडता येतो. 'निस्तार' हा शब्द त्याला ठाऊक नसेल आणि तो त्याखाली लाल रेघ ओढीत असेल, तर मुकाट्याने शब्द बदलू नका. यादीत एक ओळ वाढवा. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही, भाषा येणारा माणूस लागतो.

हीच गोष्ट गोंडीची. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली, तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली तयार केलेली लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. आपल्या सीमेपलीकडील आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावाच्या नावाने ओळखली जाणारी लिपी २०१८ मध्ये आली. अक्षरांना जागा मिळाली. त्या जागेत शब्द भरण्याचे काम कोणतीही कंपनी नफ्याच्या हिशेबात बसवणार नाही. ते बोलणाऱ्यांनीच करावयाचे आहे.

म्हणून दुपारच्या सत्रात माझी विनंती आहे की, प्रत्येक गटाने आपल्या गावातले पन्नास शब्द लिहून आणावेत: झाडांचे, मापांचे, नात्यांचे, सभेचे, गोंडी असोत वा झाडीबोलीतले असोत. एका ओळीत एक शब्द, देवनागरीत लिहिला तरी चालेल. संध्याकाळी ती यादी आपण येथल्याच संगणकावर जोडू, आणि परत जाताना तिची प्रत प्रत्येकाच्या झोळीत असेल.