दुर्बीण घेतली, आता पुढे काय?

(मंडळाच्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी संध्याकाळी बेंगळुरूला दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



चतुर्थीचा चंद्र बघायचा नाही, नाहीतर स्यमंतक मण्यासारखा चोरीचा आळ येतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आज अष्टमी आहे, आळ येण्याची भीती नाही. ढगांनी कृपा केली तर कार्यक्रमानंतर गच्चीवर माझी सहा इंची दुर्बीण लावणार आहे.

आपल्या बऱ्याच घरांत आता दुर्बीण आली आहे. मग मला फोन येतो, "काका, आता अजून काय काय घेऊ?" यादी तयारच असते : आयपीसचा संच, बार्लो, रंगीत फिल्टर, कॅमेऱ्याची रिंग. मी विचारतो, "दुर्बीण शेवटची बाहेर कधी काढली होती?" पलीकडे शांतता! आज मला एवढंच सांगायचं आहे. ज्या वस्तूमुळे दुर्बीण माळ्यावरून खाली येईल ती घ्या. बाकीची दुकानातच राहू द्या.

हे मी ठेच लागून शिकलो. आमची पहिली दुर्बीण ६० मिलिमीटरची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '५२५ पट' लिहिलेलं. हिशेब खोटा नव्हता. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर, म्हणजे किती पट ते मिळतं. ७०० भागिले ४ म्हणजे १७५, आणि तिप्पट करणारा बार्लो लावला की ५२५. पण भिंगाच्या व्यासाच्या, मिलिमीटरमधल्या आकड्याच्या, साधारण दुपटीपलीकडे मोठं करून काही जास्त दिसत नाही. ६० मिलिमीटरला १२० पट, बस्स. त्यापुढे चित्र नुसतं मोठं, अंधूक आणि थरथरतं होतं. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिने गुरू बघितला आणि विचारलं, "बाबा, याला थंडी वाजतेय का?"

थरथरत होता तो स्टँड. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर आधी दुर्बिणीच्या पायावर करा. फोकसला बोट लावल्यावर चित्र दोन-तीन सेकंदांत स्थिर होत नसेल, तर कितीही महागडा आयपीस घ्या, उपयोग नाही. तिपाईचे पाय पूर्ण लांब करू नका, मध्ये वाळूची पिशवी टांगा. गच्चीवर मुलं पळत असतील तर त्यांना आधी प्रसाद द्या आणि बसवा!

दुसरी गोष्ट आयपीस. माझ्या आताच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. २५ च्या आयपीसने ४८ पट, १० च्या आयपीसने १२० पट. दुप्पट करणारा एक चांगला बार्लो घेतला की ९६ आणि २४० पण मिळतात. तीन वस्तूंत चार शक्ती झाल्या. पण तुमच्याकडे २५ आणि १२ असे आयपीस असतील तर २५ ला बार्लो लावून साडेबाराच होणार, म्हणजे पैसे फुकट. शनीची कडी ४८ पटीतही छान दिसते. २४० पट मी वर्षातून मोजक्याच रात्री वापरतो, कारण वरची हवा हलत असते. ही हवा दुकानात विकत मिळत नाही. म्हणून तर आपल्या खगोलशास्त्रज्ञांनी दोन मीटरची चंद्रा दुर्बीण लडाखमध्ये हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर नेऊन ठेवली, आणि ती चालवतात इथून, आपल्या शेजारच्या होसकोटेहून.

चष्मेवाल्यांनी एक बघावं. नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस करता येतो. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर डोळा जरा लांब ठेवून बघता येईल असा आयपीस घ्या.

तिसरी वस्तू फाइंडर. नवशिक्याची दुर्बीण बंद पडते ती बहुधा काही सापडत नाही म्हणून. लाल ठिपक्याचा साधा फाइंडर घ्या आणि दिवसा लांबच्या मोबाईल टॉवरवर जुळवून ठेवा, सूर्याच्या दिशेला मात्र नाही.

बाकी बरंच घरात असतं. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ती एका क्षणात जाते. दंव पडतं तिथे काळ्या कार्डपेपरची नळी दुर्बिणीच्या तोंडाला लावा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, नाहीतर आपल्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. ओली दुर्बीण झाकण लावून ठेवू नका. भिंग धोतराच्या टोकाने पुसणाऱ्या आजोबांना लांब ठेवा, फुंकणीने धूळ उडवा.

आता फोटो. चंद्र प्रखर असतो, मोबाईल आयपीसला धरणारा एक घट्ट क्लँप पुरतो. ग्रहांचा फोटो काढत नाहीत, व्हिडिओ घेतात आणि हजारो चित्रांतली चांगली निवडून संगणकावर एकावर एक रचतात. त्याची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. आकाशगंगेला दुर्बीणही लागत नाही. कॅमेरा, तिपाई आणि बटण न दाबता फोटो घेणारा रिमोट पुरे. ५०० ला लेन्सच्या नाभीय अंतराने भागा, तेवढ्या सेकंदांपर्यंत तारे ठिपके राहतात. सेन्सर लहान असेल तर आधी दीडने गुणा. १८ ची लेन्स असेल तर सुमारे १८ सेकंद. दुर्बिणीतून तेजोमेघ टिपायचे तर मात्र पृथ्वीच्या फिरण्याशी जुळून फिरणारा इक्विटोरियल माउंट हवा, आणि तो ध्रुवावर रोखावा लागतो. ध्रुवतारा क्षितिजावर किती उंच, तर जितके अक्षांश तितका. पुण्यात साडेअठरा अंश, दिल्लीत साडेअठ्ठावीस, इथे जेमतेम तेरा. हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडा वर. समोर इमारत असेल तर तो दिसतच नाही. म्हणून माउंटवर पैसे घालण्याआधी आपल्या गच्चीची उत्तर दिशा बघून या.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. त्या पहिल्या खोक्यात आयपीसला लावायची एक छोटी काळी काच होती, सूर्य बघण्यासाठी. १५ जानेवारी २०१० च्या ग्रहणाच्या दिवशी भर दुपारी मी ती लावली. शेजारची मुलं रांगेत. मी बघितलं आणि मुलीला पुढे बोलवायला मागे सरकलो, तेवढ्यात 'टक्' आवाज आला. काच तडकली होती. दुर्बीण सूर्याची सगळी उष्णता नेमकी त्या काचेवर गोळा करते. आणखी दोन सेकंदांनी तिथे माझ्या मुलीचा डोळा असता. अशी काच तुमच्याकडे असेल तर आज घरी जाऊन फोडून टाका. सूर्याचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच लागतो, पूर्ण झाकणारा, घट्ट बसणारा. तो आधी उजेडासमोर धरून भोक नाही ना ते बघायचं, फाइंडरवर टोपण घालायचं, आणि मोठ्या माणसाने जागचं हलायचं नाही.

त्यानंतर ती दुर्बीण माळ्यावर गेली आणि मुलीचा नाद सुटला. दोन वर्षांनी पाळण्यासारख्या लाकडी बैठकीची ही सहा इंची घेतली, सोबत फक्त दोन आयपीस. पहिल्याच रात्री ती तासभर हलली नाही. आता सुट्टीला आली की दुर्बीण तीच बाहेर काढते.

चला, अष्टमीच्या चंद्रावर उजेड आणि अंधाराच्या सीमेवरची विवरं सगळ्यांत उठून दिसतात. तो बुडायच्या आत गच्चीवर या. गणपती बाप्पा मोरया!