स्पॅनिशची शाळा आणि तिचे स्वयंपाकघर



परदेशी जाऊन स्पॅनिश शिकू इच्छिणाऱ्यांचे एक आवडते ठिकाण म्हणजे मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला. तेथील केट्साल्तेनांगो या सुमारे २,३०० मीटर उंचीवरच्या थंड शहरात (स्थानिक लोक त्याला ‘शेला’ म्हणतात) अशा शाळा पुष्कळ आहेत. एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, रोज चार-पाच तासांचे अध्यापन, आणि राहण्या-जेवण्याची सोय गावातील एखाद्या कुटुंबात, अशी ही पद्धत. शाळा आठवड्याचे शुल्क घेते व त्यातील काही भाग त्या कुटुंबाला देते. या व्यवस्थेला ‘भाषेत बुडून जाणे’ असे म्हणतात. बुडणाऱ्याचे कौतुक होते. पाणी कोण भरते याची चौकशी सहसा होत नाही.

विद्यार्थी उठतो तेव्हा घर केव्हाच जागे झालेले असते. अंगणात ‘पिला’ नावाचे सिमेंटचे कुंड असते. त्याच्या मधल्या हौदात पाणी साठवायचे, दोन बाजूंच्या उथळ भागांत भांडी-कपडे धुवायचे. नवा पाहुणा पहिल्याच दिवशी साबणाचे हात मधल्या हौदात घालतो. मग घरची बाई, जिला ‘दोन्या’ म्हणून संबोधावयाचे, पाणी भांड्याने काढून घ्यायचे असते हे हसत दाखवते. त्या दिवसाची पहिली शिकवणी तेथेच होते. न्याहारीला शिजवून घोटलेला काळा घेवडा, अंडी, तळलेली केळी आणि मक्याच्या भाकऱ्या. मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, धुवायचा, दळायचा, आणि त्याच्या लहान भाकऱ्या हातावर थापून तव्यावर भाजायच्या. महाराष्ट्रातील माणसाला हे दृश्य परके वाटू नये. जेवून उठणाऱ्याने ‘मुचास ग्रासियास’ म्हणजे आभार म्हणावयाचे आणि बाकीच्यांनी ‘बुएन प्रोवेचो’, म्हणजे खाल्लेले अंगी लागो, असे उत्तर द्यावयाचे, हा तेथील शिष्टाचार.

वर्गात भूतकाळाची रूपे समजतात. ती जिभेवर बसतात ती या टेबलावर. दोन्या मुद्दाम सावकाश बोलते आणि पाहुण्याची एकच चूक दहादा सुधारते. परंतु हिशेब होतो तो बिछान्याचा आणि तीन वेळच्या जेवणाचा. शाळेच्या जमाखर्चात ती खाणावळ चालविणारी असते. शिक्षिका म्हणून तिच्या नावे एक पैही पडत नाही. तरीही हा पैसा तिच्या दृष्टीने लहान नव्हे. तो तिच्या हाती पडतो, मुलांच्या शिक्षणाला लागतो. अर्थात तो परक्यांच्या येण्या-जाण्यावर अवलंबून. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे देशाच्या सीमा बंद झाल्या आणि ही आवक एकाएकी थांबली.

येथवरची गोष्ट कोणीही सहानुभूतीने ऐकेल. पण काही घरांत आणखी एक व्यक्ती असते. खेड्यातून घरकामासाठी आलेली मुलगी. तिची मातृभाषा बहुधा किचे किंवा माम. ग्वाटेमालात बावीस माया भाषा बोलल्या जातात. म्हणजे त्या घरात स्पॅनिश ही दुसरी भाषा असणारी माणसे दोन. एकजण पैसे मोजून शिकतो व त्याच्या चुकांचे कौतुक होते. दुसरी हुकूम ऐकत शिकते आणि तिची चूक म्हणजे तिचे अडाणीपण ठरते.

सर्वनामांत हे स्पष्ट ऐकू येते. ‘उस्तेद’ हे आदरार्थी आणि ‘वोस’ हे सलगीचे, असे विद्यार्थ्याला वर्गात शिकवतात. लादिनो, म्हणजे स्वतःस माया न मानणारे स्पॅनिशभाषी लोक, पिढ्यान्‌पिढ्या वृद्ध माया माणसालाही ‘वोस’ म्हणत आले आणि त्याच्याकडून मात्र ‘उस्तेद’ची अपेक्षा ठेवीत आले, हे पाठ्यपुस्तकात येत नाही. मालकाच्या पोराने म्हाताऱ्या गड्याला ‘अरे’ म्हणावे आणि गड्याने त्याला ‘धाकले मालक’ म्हणावे, हा प्रकार आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. आता काही घरांतून ही रीत बदलते आहे, हेही नमूद केले पाहिजे.

किचे समाजातील रिगोबेर्ता मेंचू यांना १९९२ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. राजधानीत मोलकरीण म्हणून काढलेल्या दिवसांबद्दल त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. त्या निवेदनातील काही तपशिलांवर पुढे वाद झाला. परंतु ज्या व्यवस्थेविषयी त्या बोलत होत्या ती काल्पनिक नव्हती. देशाच्या श्रमसंहितेने घरकामाला कामाच्या तासांची सर्वसाधारण मर्यादा लागूच केलेली नाही. दिवसाकाठी दहा तासांची, आणि रविवारी व सुटीच्या दिवशी आणखी सहा तासांची विश्रांती द्यावी, एवढेच बंधन. इतर दिवशी उरलेले चौदा तास मालकाचे. १९४४ च्या क्रांतीनंतर ज्या देशाने १९४७ मध्ये श्रमसंहिता केली आणि १९५२ मध्ये जमीनसुधारणेचा कायदा केला, त्याच देशात स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी कायदा असा थबकावा, याचा विचार समाजवाद्यांनी विशेष करावयास हवा. २००३ च्या कायद्याने माया भाषांना राष्ट्रीय भाषांचे स्थान दिले, ही मोठीच गोष्ट. पण दोन्याच्या टेबलावर किचेमधला एखादा शब्द विचारावा, असे किती पाहुण्यांना सुचत असेल?

शनिवारी-रविवारी जुना विद्यार्थी निघतो. शाळेने त्याला प्रमाणपत्र दिलेले असते. निरोपाच्या जेवणाला काही शाळा यजमान कुटुंबालाही बोलावतात. त्या वेळी ती मुलगी बहुतेक घरीच असते, कारण संध्याकाळपर्यंत नवा पाहुणा यायचा असतो आणि त्याआधी चादरी पिलावर धुऊन वाळायला हव्यात.