वहीची मागची पाने

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





मी काही नामांकित वक्ता नाही. बी. ए., बी. एड. होऊन पाचवीच्या वर्गावर शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. 'मुलांच्या अभ्यासाबद्दल पालकांना चार शब्द सांगा', अशी आज्ञा झाली, म्हणून उभा राहिलो. उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. उलट माझ्या हातून झालेली एक चूक आपणापुढे मांडावी आणि त्यातून मी काय शिकलो ते सांगावे, एवढाच हेतू आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही, कारण नाव कोणतेही असू शकेल. खाडीकाठच्या मोहल्ल्यातला, वडील नोकरीनिमित्त आखातात, घरी आई, आजोबा आणि दोन लहान बहिणी. सकाळी मदरसा, मग शाळा आणि संध्याकाळी धक्क्यावर आजोबांच्या होडीशी खेळणे, असा त्याचा दिवस. अभ्यासात बेताचा. शुद्धलेखन कच्चे, भागाकार चुकणारा. मागच्या बाकावर बसे आणि खिडकीतून बाहेर पाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीत अशा मुलांसाठी एक ठरलेले वाक्य असते, 'त्याचे लक्ष नसते.' मीही ते पुष्कळदा उच्चारले होते.

एके दिवशी मी चंद्राच्या कला शिकवीत होतो. फळ्यावर वर्तुळे काढून अमावास्या, अष्टमी, पौर्णिमा समजावून दिली. तास संपायला पाचेक मिनिटे उरली असताना या मुलाने हात वर केला. वर्षभरात बहुधा पहिल्यांदाच! त्याने विचारले, "गुरुजी, रमजान ईदला खाडीचे पाणी धक्क्यावर पार वरपर्यंत येते, पण बकरी ईदला येत नाही. असे का?"

वर्ग हसला आणि मीही हसलो. खरे सांगायचे तर मला उत्तर सुचले नाही आणि ते लपवण्यासाठी मी म्हणालो, "भरती-ओहोटी सातवीच्या भूगोलात आहे. तेव्हा कळेल. आता खाली बस."

तो खाली बसला. त्यानंतर त्याने पुन्हा हात वर केला नाही आणि माझ्याही ते ध्यानात आले नाही.

पुढे पालकसभा झाली. त्याची आई आली, हातात एक जुनी वही घेऊन. ती चौथीची गणिताची वही होती. बाईंच्या आवाजात राग होता, पण त्याहून जास्त काळजी होती. म्हणाल्या, "गुरुजी, बघा याचे धंदे! याचे वडील फोनवर विचारतात, किती मार्क पडले? मी काय सांगू? अभ्यास सोडून हा धक्क्याच्या पायऱ्या मोजत बसतो. ही वही मी चुलीत घालणार होते, म्हटले आधी तुम्हाला दाखवावी." मुलगा शेजारी मान खाली घालून उभा होता.

मी वही घेतली. पुढच्या पानांवर माझ्या परिचयाचे भागाकार होते, लाल शाईने खोडलेले. मागच्या बाजूने उघडली, तर उरलेल्या पानांवर पट्टीने रेघा मारून तीन रकाने पाडले होते. पहिल्यात चांदाची तारीख, दुसऱ्यात भरती भरल्याची वेळ, तिसऱ्यात पाणी वरून कितव्या पायरीपर्यंत आले तो आकडा. रमजान ईदपासून बकरी ईदपर्यंतची, म्हणजे सव्वादोन महिन्यांची नोंद होती. मधले काही दिवस गळलेले होते, पण आकडे काय सांगत होते ते स्पष्ट होते. चांद नवा असताना पाणी तिसऱ्या पायरीला, आठ-नऊ दिवसांनी आठव्या पायरीला, चौदा-पंधरा तारखेला पुन्हा तिसरीला. आणि शेवटच्या पानावर अशुद्ध अक्षरांत एक ओळ होती. तिचा अर्थ असा, 'गुरुजी म्हणाले सातवीत कळेल. तोपर्यंत मी विसरलो तर?'

पालकहो, ती ओळ वाचून मला त्या माउलीकडे मान वर करून पाहवेना. ज्या मुलाचे लक्ष नाही असे मी म्हणत होतो, त्याने सव्वादोन महिने रोज एका गोष्टीवर लक्ष ठेवले होते. लक्ष नव्हते ते माझेच!

त्या रात्री मी पुस्तके काढून बसलो. जे वाचले ते आपणालाही थोडक्यात सांगतो, कारण आपण किनाऱ्यावर राहणारी माणसे आहोत. भरती येते ती मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे. सूर्यही ओढतो, पण कमी. दिवसातून दोनदा भरती येते आणि दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, कारण चंद्रही रोज साधारण तेवढाच मागे पडतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र व पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. तेव्हा दोघांची ओढ एक होते आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती, म्हणजे पाणी फारसे चढत नाही. शिवाय उधाण असो वा भांग, त्याचा पुरता परिणाम एक-दोन दिवस मागाहून दिसतो.

आता आपला हिशोब पाहा. रमजान ईद शव्वालच्या पहिल्या तारखेला, म्हणजे अमावास्या होऊन एक-दोन दिवस झालेले असतात. उधाण! बकरी ईद जिल्हिज्जच्या दहाव्या तारखेला, म्हणजे भांगाच्या आसपास. आपली वर्षे चांदावर चालतात, म्हणून ईद उन्हाळ्यात येवो की पावसाळ्यात, हा मेळ सुटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण ईदची नमाज अदा करून खाडीकाठाने घरी येत आहोत. दुपारी पाणी वर चढलेले पाहत आहोत. पण 'असे का?' हे माझ्या वर्गात प्रथम विचारले ते मागच्या बाकावरच्या मुलाने.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन पुढच्या अमावास्येनंतर सगळ्या वर्गाला भरतीच्या वेळी धक्क्यावर नेले. पायऱ्या मोजण्याचे काम त्याच्याकडेच दिले. एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, आमच्या नारळी पौर्णिमेलाही पाणी असेच चढते." एका मुलीने तर मला पुन्हा पेचात टाकले. "अमावास्येला चंद्र-सूर्य एका बाजूला, हे कळले. पण पौर्णिमेला ते समोरासमोर असतात. मग ओढ वाटली जाऊन पाणी कमी का होत नाही?" या वेळी मी म्हणालो, "मला आत्ता सांगता येत नाही. उद्या वाचून सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी सांगितले की, पृथ्वीच्या ज्या बाजूला चंद्र असतो तिथे पाणी फुगतेच, पण उलट बाजूलाही फुगते. तिथे ओढ सर्वांत कमी पडते, म्हणून पृथ्वी ओढली जाते तितके तिथले पाणी ओढले जात नाही आणि मागे राहते. सूर्यामुळेही असेच दोन्ही बाजूंना घडते. म्हणून दोघे एका बाजूला असोत की समोरासमोर, त्यांचे फुगवटे एकावर एक पडतात. त्या मुलीला हे कितपत पटले कोण जाणे, पण तिने ते वहीत लिहून घेतले.

आपणा सर्वांना डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ठाऊक आहेत. १९३१ साली रामेश्वरमला समुद्रकाठी जन्मलेला, होडी बाळगणाऱ्या बापाचा हा मुलगा. ते सांगत असत की, पाचवीत असताना त्यांच्या शिवसुब्रमण्य अय्यर नावाच्या शिक्षकांनी पक्षी कसा उडतो ते फळ्यावर चित्र काढून शिकवले. मुलांना ते समजले नाही आणि त्यांनी तसे सांगितले. शिक्षक रागावले नाहीत. संध्याकाळी सगळ्या मुलांना समुद्रकिनाऱ्यावर घेऊन गेले आणि उडणारे पक्षी दाखवले. आकाशात उडण्याचे वेड त्या संध्याकाळी लागले, असे डॉ. कलाम म्हणत. पुढे ते विमानविद्या शिकले आणि २००२ साली देशाचे राष्ट्रपती झाले. प्रत्येक मूल कलाम होईल असे मी म्हणत नाही. पण 'आम्हाला समजले नाही' असे म्हणण्याची सोय त्या वर्गात होती, हे विसरू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शाळेवर हीच जबाबदारी टाकली आहे, की मुलाला भीतीपासून मुक्त ठेवावे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे.

तेव्हा माता-पित्यांनो, माझी नम्र विनंती आहे. मुलगा घरी आला की 'किती मार्क पडले?' हे जरूर विचारा, पण त्याआधी 'आज वर्गात तू काय विचारलेस?' हे विचारा. त्याच्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही' म्हणा. त्यात आपला मान कमी होत नाही. परदेशी असलेल्या वडिलांनी फोनवर दोन मिनिटे यासाठीच ठेवावीत. मुलगी असेल तर तिला 'तुला काय करायचे आहे ते जाणून?' असे चुकूनही म्हणू नका. त्या दिवशीचा सर्वांत अवघड प्रश्न एका मुलीने विचारला होता. आणि वही रद्दीत किंवा चुलीत घालण्यापूर्वी एकदा मागच्या बाजूने उघडून पाहा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. भागाकार यायलाच हवा. भरतीची वेळ रोज किती मिनिटांनी पुढे सरकते, ते काढताना त्या मुलाचा भागाकार अडला. तेव्हा तो स्वतःहून माझ्याकडे शिकायला आला. आवड आणि अभ्यास यांचे वैर नाही.

आपण विचाराल, त्या मुलाचे पुढे काय झाले? तो पहिला आला नाही. त्याचे शुद्धलेखन अजून माझी लाल शाई संपवते. पण तो आता पुढच्या बाकावर बसतो आणि हात वर करतो. त्याच्या आईने त्याला एक कोरी वही आणून दिली. तिच्या पहिल्या पानावर तिने स्वतः मुलाच्या सांगण्यावरून तीन रकाने आखले आहेत.

मात्र मधले कितीतरी आठवडे तो गप्प होता, ते दिवस मला परत आणता येणार नाहीत. माझ्या आधीच्या वर्गांत असे किती हात मी खाली करायला लावले असतील, त्याचीही मोजदाद माझ्यापाशी नाही. तुमच्या घरात तसे होऊ नये, एवढ्यासाठी आपला वेळ घेतला.