सहीचा अधिकार आणि भोपाळ



आपल्या वस्तीतली मुलं आज कारखान्यांत सुपरवायझर, मॅनेजर होत आहेत. आनंदाची गोष्ट आहे. पण खुर्चीबरोबर सहीचा अधिकारही येतो. म्हणून आज मी भोपाळविषयी बोलणार आहे.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. कारखान्याला लागूनच झोपडपट्टी होती, तिथली गरीब माणसं आधी गेली. लोक म्हणतात, अपघात झाला. मी वाचत गेलो तसं मला वेगळंच दिसलं. टाकीतलं मिथाइल आयसोसायनेट थंड ठेवावं लागतं. ते थंड ठेवणारं यंत्र काही महिने आधीच बंद केलेलं. सुटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला. त्या खात्यातली माणसं निम्म्यावर आणलेली. बरं, माहीत नव्हतं म्हणावं, तर १९८१ साली गळतीत एक कामगार दगावला होता आणि १९८२ साली कंपनीच्याच अमेरिकन तपासनिसांनी दोष लिहून दिले होते. धंदा तोट्यात होता, म्हणून थोडी थोडी बचत चालली होती. प्रत्येक बचतीला कोणा शिकलेल्या माणसाची मंजुरी होती. त्यातल्या कोणालाच माणसं मारायची नव्हती हो!

२०१० साली कोर्टाने कंपनीच्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा दिली. जामीन लगेच झाला.

मी गिरणीतला माणूस. मशीन बंद करूनच साफसफाई करायची असा नियम होता, पण उत्पादन पडतं म्हणून आमच्या खात्यात चालू मशीनवरच करायला लावायचे. एका बदली कामगाराची दोन बोटं गेली. साहेब काही वाईट नव्हते, स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन गेले. पण वाचलेली दहा मिनिटं साहेबांच्या हिशेबात, आणि बोटं त्याची.

परवा चाळीतला एक मुलगा भेटला. रसायनाच्या कारखान्यात शिफ्ट इंचार्ज आहे. म्हणाला, "काका, वरूनच सांगितलं तर काय करायचं?" मी म्हटलं, आधी मशीनवरच्या माणसाला विचार. मग जो धोका दिसेल तो तारीख घालून कागदावर लिही आणि पोच घे. "आणि नोकरी गेली तर?" त्याची मुलगी दोन वर्षांची आहे. मला पटकन बोलता आलं नाही. एवढंच सांगितलं, केबिनमध्ये एकटा जाऊ नकोस, दोघा-चौघांना बरोबर घेऊन जा.