हाताखालच्याचा शब्द



आम्ही वैद्यक शिकलेलो नाही, कामगारांत वावरलो. यंत्राचा बिघडलेला आवाज हेल्परला आधी ऐकू येतो. पण साहेबाला सांगायचे कोणी? शस्त्रक्रियागृहातही हेच घडते.

२००५ साली इंग्लंडमध्ये नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी एका बाईंना भूल दिली आणि श्वासाची वाट बंद झाली. ३ अनुभवी डॉक्टर घशातून नळी घालण्यासाठी वीसएक मिनिटे झटत राहिले. अशा वेळी गळ्याला छेद देऊन वाट करायची असते. एका परिचारिकेने त्याचे साहित्य आणले, तसे सांगितलेही. कोणी ऐकले नाही. १३ दिवसांनी बाई गेल्या.

डॉक्टर अडाणी नव्हते. हात कसबी होते, म्हणूनच 'आता जमेल' असे वाटत राहिले आणि घड्याळाचे भान सुटले.

बाईंचे यजमान विमानचालक. विमानात कनिष्ठानेही वरिष्ठाला टोकावे, असे शिकवतात. ती रीत रुग्णालयात यावी म्हणून ते झटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या तपासणी-यादीतही, सुरी लावण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, असे आहे. दिल्लीसह ८ शहरांतील रुग्णालयांत ती यादी वापरून पाहिली. मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले.

नाव सांगितलेला माणूस पुढे बोलायला कचरत नाही. नम्रता म्हणजे मान खाली घालणे नव्हे. हाताखालच्याचा शब्द वेळेवर कानी घेणे होय.