शेतकरी कामगार पक्ष : भरती आणि ओहोटी



ज्या पक्षाने लढविलेली मागणी पदरात पडली, तोच पक्ष पुढे का ओसरला? हा प्रश्न आम्ही आज आपणापुढे ठेवीत आहोत.

१९४७ साली केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी काँग्रेसमध्येच शेतकरी कामगार संघ स्थापिला आणि १९४८ साली वेगळी चूल मांडली. स्वराज्य आले, तरी शेठजी-भटजींची पकड ढिली झाली नाही, ही बहुजनसमाजाची जळजळ त्यामागे होती. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद पत्करला. पण तत्त्वचर्चेचे रूपांतर तंट्यात झाले, दत्ता देशमुखांसारखे कार्यकर्ते दूर गेले. १९५२ च्या निवडणुकीत मुंबई राज्यात १४ जागा मिळाल्या. १९५४ साली खुद्द जेधे काँग्रेसमध्ये परतले!

पायाचे चिरे निखळले, तरी पक्षाला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने तारले. खेड्यापाड्यांतील त्याचा कार्यकर्ता १९५६ पासून समितीचा कणा झाला. १ मे १९६० रोजी राज्य आले, आणि तेथूनच ओहोटी लागली. यशवंतराव चव्हाणांनी खेड्यातील कर्त्या मंडळींना काँग्रेसची दारे सताड उघडली. सहकारी साखर कारखाने आले, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. अध्यक्षाची खुर्ची समोर दिसू लागल्यावर मोर्च्यात किती जण उरणार? त्याच वर्षी कृष्णराव धुळप विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले खरे. परंतु पाठीशी आमदार होते अवघे १५. १९७८ साली १३ राहिले. २०२४ साली सांगोल्याचा एकच.

मात्र जेथे पक्षाने पुढचा प्रश्न हाती धरला, तेथे तो जगला. दुष्काळी सांगोल्याने पाण्यासाठी झगडणाऱ्या गणपतराव देशमुखांना अकरा वेळा निवडून दिले. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, तेव्हा दि. बा. पाटील शेतकऱ्यांसह उभे ठाकले. जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच जणांचे बळी पडले, आणि त्या रक्ताच्या मोलाने साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व मान्य झाले. राज्य मिळाले तरी बेळगाव, कारवार, निपाणी बाहेर राहिली, हे प्रा. एन. डी. पाटील विसरले नाहीत. २०२२ साली देह ठेवीपर्यंत सीमावासीयांना ते आपले वाटत.

पराभवाने पक्ष खचतो, हे सर्वांनाच कळते. अर्ध्या विजयाने तो विरघळतो, हे फार थोड्यांना कळते. कोणतीही मागणी मान्य होईल त्या सायंकाळी गुलाल उधळावा. पण त्याच रात्री विचारावे, मागे कोण राहिले? त्याच्या दारी जो दुसऱ्या दिवशी पोहोचेल, त्याचीच संघटना टिकेल.